बारा एक्केचाळीस ते बारा पन्नास

"डोळे मिटा. आणि वर्तमानकाळात सांगा," बोधनकर मॅडम म्हणाल्या. "चढला नाही. चढतो."

"दिनकर चढतो," मी म्हणालो. "मी खाली शिडी धरून उभा आहे. खांबावर दोन लाईनी आहेत. खालच्या लाईनीचा जोड तुटला आहे. तिचं परमिट मी उपकेंद्राकडून घेतलं आहे. ती बंद आहे. वरची चालू आहे."

"आत्ता आकडा किती?"

शून्य म्हणजे घरी निवांत पडलेलो. शंभर म्हणजे आत्ता जीव जातो. हे त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून दिलं होतं.

"चाळीस."

त्यांनी वहीत लिहिलं. "पुढे."

"तो वळतो. उजवा खांदा वरच्या तारेला लागतो. आवाज होतो. तो कमरेच्या पट्ट्यावर लटकतो. मी उपकेंद्रात राऊतला फोन लावतो. राऊत वरची लाईन बंद करतो. बाजीराव नावाचा एक सालगडी चढतो, त्याला खाली घेतो. तो मयत झालेला असतो."

"झालं?"

"झालं."

"तीन मिनिटं. मागच्या मंगळवारी साडेतीन लागली होती." त्यांनी माझ्या मोबाइलवर चालू असलेलं रेकॉर्डिंग थांबवलं. "तायडे, तुम्ही 'मयत' म्हणालात. घरी बोलताना कधी 'मयत' म्हणता?"

"चौकशीत तसंच लिहून दिलं होतं."

"मला चौकशी नकोय. पुन्हा. पहिल्यापासून."

त्या दिवशी मी दिनकर खंडारेला पाच वेळा खांबावर चढवला आणि पाच वेळा खाली घेतला. आकडा चाळीसच्या वर गेला नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या जुन्या इमारतीतली ती शेवटची खोली. पंखा कुरकुरायचा, बाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांची बोलणी आत ऐकू यायची. हा माझा चौथा मंगळवार होता. एकूण बारा व्हायचे होते. आमच्या तालुक्याहून एस्टीनं दोन तास जायला, दोन यायला. परतीच्या गाडीत मी हिशोब केला, अजून आठ मंगळवार मी हा माणूस मारणार.

याला आता सतरा वर्षं झाली.

मी तेव्हा वीज कंपनीत वरिष्ठ लाईनमन होतो, वय सत्तेचाळीस. दिनकर माझ्या हाताखालचा, एकतीसचा. अपघाताला चौदा महिने झाले होते आणि या चौदा महिन्यांत मी खांबाला हात लावला नव्हता. खांबाचं सोडा, घरातला फ्रिज घरघरला की मी अंगणात जायचो. मिक्सर विमल, म्हणजे माझी बायको, शेजारणीकडे जाऊन फिरवायची. होती-नव्हती ती सगळी रजा संपली होती. कंपनीचं पत्र आलं होतं: तीन महिन्यांत कामाला योग्य असल्याचा दाखला घेऊन हजर व्हा, नाही तर वैद्यकीय कारणावरून सेवा संपेल. चोवीस वर्षं मी तारांवर काढली होती. दुसरं मला काही येत नव्हतं.

आणि एक अडचण होती, ती पत्रात नव्हती. दिनकरची बायको ज्योत्स्ना हिला अनुकंपावर आमच्याच कार्यालयात कारकून म्हणून घेतलं होतं. हजेरीचं मस्टर तिच्या टेबलावर असायचं. कामावर जायचं तर रोज सकाळी आधी तिच्यासमोर उभं राहायचं. आठवडी बाजारात ती लांबून दिसली तरी मी गल्ली बदलत होतो.

मॅडमचं म्हणणं सोपं होतं. "आठवण टाळली की ती जशीच्या तशी राहते. पुन्हा पुन्हा तिच्याजवळ जा, थांबा. मग शरीराला कळतं की ही आठवण आहे, तार नाही."

सोपं त्यांना. त्या तिशीच्या, नागपूरहून आलेल्या, कंत्राटावर मानसशास्त्रज्ञ म्हणून लागलेल्या. मला सांगत होत्या तारेचं.

घरचा अभ्यास असायचा. ते रेकॉर्डिंग रोज एकदा ऐकायचं आणि आकडा लिहायचा. शिवाय टाळलेल्या गोष्टींची यादी केली होती, सोपीकडून अवघडकडे. फ्रिजवर हात ठेवून उभं राहणं. गावातल्या ट्रान्सफॉर्मरखाली दहा मिनिटं थांबणं. कमरेचा पट्टा बांधणं. शेवटी कार्यालय.

ट्रान्सफॉर्मरखाली उभा राहिलो तर समोरचा पानठेलेवाला ओरडला, "तायडे सायेब, आज लाईट जाते का बाप्पा? सांगा म्हणजे मी बर्फ आणून ठेवतो."

"नाई जात."

"मंग तुमी काऊन उभे?"

याला काय सांगणार? चौथ्या मिनिटाला मी निघून आलो. आकडा नव्वद.

रेकॉर्डिंग ऐकायला मी गच्चीवर जायचो. विमल जिन्यात उभी राहायची. "मेलेल्या माणसाले रोज रोज उकरून काय भेटते तुमाले?" ती म्हणायची. "अन् रात्रभर मंग मलेच जागवता. ते मॅडम हाय का वैरीण?" कंपनीनं मला चौकशीनंतर पत्र दिलं होतं, 'प्रसंगावधान राखून गर्दीस दूर ठेवले व आणखी जीवितहानी टाळली.' विमलनं ते प्लॅस्टिकमध्ये घालून दिवाणखान्यात लावलं होतं. "हे पाहा," ती बोट दाखवायची, "सायबाची सही हाय. तुमचं काई चुकलं नाई."

सहाव्या मंगळवारी मॅडमनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. "इथे तुम्ही चाळीस सांगता. घरी तेच रेकॉर्डिंग ऐकून नव्वद. सहा आठवडे घरचा आकडा जागचा हललेला नाही. असं होत नाही."

"मग तुमची पद्धत चुकत असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "बाहेर अठरा लोक बसलेत. दीड तास मी तुम्हाला देते. माझी पद्धत चुकत असेल तर मलाही कळायला हवं, कुठे."

सातव्या मंगळवारी एस्टी वाटेत पंक्चर झाली. मी पोचलो तेव्हा माझी वेळ होऊन दहा मिनिटं गेली होती. व्हरांड्यातल्या नळाशी उभं राहून मी खिशातलं पाकीट काढलं, अर्धी गोळी तोंडात टाकली आणि ओंजळीनं पाणी प्यायलो. मागे वळलो तर बोधनकर मॅडम रिकामी बाटली घेऊन उभ्या.

"काय घेतलंत?"

"काही नाही. झोपेची."

"सकाळी अकराला?"

पाकीट त्यांनी माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून वाचलं. मला घेऊन त्या आत गेल्या. दार लावून म्हणाल्या, "किती दिवस चाललंय?"

"पहिल्यापासून. फक्त मंगळवारी. गावच्या डॉक्टरनं झोपेसाठी दिली होती. गाडीतून उतरायच्या आधी अर्धी घेतो."

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. फॉर्मवर तुम्ही स्वतः 'नाही' लिहिलंय."

"तिथे 'रोज काही औषध घेता का' असं होतं. रोज कुठे घेतो?"

त्या हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. "सात आठवडे," त्या म्हणाल्या. "तायडे, सात आठवडे. कशाला घेत होतात?"

मला त्यांचा राग आला. इतका सरळ प्रश्न कोणी विचारावा? "मॅडम, आमच्या कामात पहिलं काय शिकवतात ते माहीत आहे? लाईन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी परमिट, मग बंद झाली का ते तपासायचं, मग तिला जमिनीशी जोडून टाकायचं, मग चढायचं. चालू लाईनीला हात लावणारा एक तर मूर्ख असतो, नाही तर मेलेला. चोवीस वर्षं मी असं काम केलं, माझ्या बोटाला चटका लागला नाही. तुम्ही म्हणता, त्या दिवसात शिर. मग मी तो आधी बंद करूनच शिरणार. दुसरं मला येत नाही."

त्यांनी पेन मिटून वहीवर ठेवला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि इथे तेच चालत नाही. गोळी घेऊन तुम्ही जे सांगता त्यात काही नसतंच. मेलेली तार. तिच्यावर कितीही काम करा. ही चालू असतानाच धरायची असते. तिनं माणूस मरत नाही, एवढंच तुम्हाला कळायचंय."

"आणि मेलो तर?"

"वरच्या मजल्यावर मनोविकारतज्ज्ञ आहेत. गोळी बंद करायचं आज त्यांना विचारून ठरवू. पुढच्या मंगळवारी नुसते या. मरायला लागलात तर मी इथेच आहे."

आठव्या मंगळवारी मी नुसता गेलो. त्या दिवसाचं सांगणं जेमतेम पाच वाक्यांपर्यंत पोचलं.

"वळते थो," मी म्हणालो. "खांदा लागते. जळल्यासारखा वास येते. पट्ट्यावर लोंबकळून राहिला. चप्पल पडली एक, माया पायापाशी."

"आज तुम्ही घरच्या भाषेत बोलताय," मॅडम हळू म्हणाल्या. "आकडा?"

"शंभर."

"थांबा तिथेच. तुमच्या कानाला काय आहे?"

"फोन."

"काय ऐकू येतं?"

"राऊत."

"काय म्हणतो राऊत?"

"बंद केली म्हणते."

"मग?"

मी डोळे उघडले, उठलो, खुर्ची मागे पडली. मॅडम काहीतरी म्हणाल्या. मी दाराबाहेर होतो. स्टँडवर येऊन मिळेल त्या गाडीत बसलो, ती भलत्याच गावाची निघाली. घरी पोचायला दिवे लागले. विमलला सांगितलं, बस झालं, आता नाही जात. ती म्हणाली, "मी तं पयलेच म्हणत होती." मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मंग मंगळवारी डबा किती वाजता देऊ?"

नवव्या मंगळवारी मी ते सांगितलं. राऊतनं बंद केली म्हटल्यावर मी विचारलं, पक्की? तो म्हणाला, पक्की. मी म्हणालो, पुन्हा जाऊन बघ. तो गेला, येऊन म्हणाला, भाऊ, मी सोता पाह्यली, बंद हाय. मी म्हणालो, नंबर वाचून दाखव. त्यानं तोही वाचला. मग मी त्याला पहिल्यापासून विचारायला लागलो. माझा एक हात शिडीवर होता. शिडीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याला लागत होती. शेवटी बाजीरावनं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि तो चढला. तो चढत होता तेव्हाही मी ओरडत होतो, थांब, अजून खात्री नाही. उपकेंद्राच्या नोंदवहीत लाईन बंद केल्याची वेळ बारा एक्केचाळीस आहे. दिनकर जमिनीवर आला ती वेळ पंचनाम्यात बारा पन्नास आहे. दोन्ही कागद चौकशीत एकाच फाइलमध्ये होते. मधल्या नऊ मिनिटांचं मला कोणी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, मॅडम आता म्हणतील की तुमची चूक नाही. किंवा म्हणतील की आहे. त्यांनी विचारलं, "आकडा?"

"शंभर."

"पुन्हा सांगा."

मला त्यांच्या कानाखाली मारावीशी वाटली. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना रडलो. पाचव्यांदा सांगितलं तेव्हा आकडा सत्तर होता. का ते मला आजही सांगता येणार नाही. त्यात काहीही बदललं नव्हतं.

दहाव्या आणि अकराव्या मंगळवारी पंचावन्न, मग चाळीस. हा चाळीस बिनगोळीचा होता. ट्रान्सफॉर्मरखाली मी दहा मिनिटं उभा राहिलो, पानठेलेवाल्याला म्हटलं, बर्फ आण. कंपनीच्या प्रशिक्षण मैदानातल्या, तारा नसलेल्या कोऱ्या खांबावर पट्टा बांधून चढलो. यादीत एकच गोष्ट उरली. मुदत संपायला नऊ दिवस होते.

"कार्यालयात जायचं आणि त्यांच्या टेबलासमोर अर्धा तास बसायचं," मॅडम म्हणाल्या. "फक्त बसायचं. माफी नाही, कबुली नाही. हा तुमचा व्यायाम आहे, त्यांचा नाही. कळलं?"

"कळलं."

शुक्रवारी सकाळी दहाला गेलो. वसुलीची माणसं बाहेर पडली होती. खोलीत ज्योत्स्ना आणि शिपाई दोघंच. मला बघून शिपाई "या, या, तायडेभाऊ" म्हणाला आणि चहा सांगायला गेला. मी तिच्या टेबलासमोरच्या बाकावर बसलो आणि घड्याळ बघितलं.

ती लिहीत होती. अंगानं वाळली होती, चष्मा लागला होता. पाचेक मिनिटं तिनं मान वर केली नाही.

"रुजू व्हाले आले का?"

"नाई. आज नुसता बसाले आलो."

"कायले?"

खोटं बोलायला मला तेव्हा काही सुचलं नाही. "डाक्टरनं सांगतलं. तुमच्यासमोर अर्धा तास बसा म्हणे."

तिनं पेन ठेवला. "म्हंजे मी औषध हाओ का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सोळा मैने तुमी मले पाहून गल्ली बदलता. मले दिसत नसन वाटते तुमाले? अन् आता डाक्टरनं लिहून देल्लं म्हणून आले." तिनं समोरचा कागद बाजूला सारला. "बरं. बसा. मंग मले बी एक विचारू द्या. दवाखान्यात तुमीच मले सांगतलं, जागच्या जागी गेले, त्यायले काई समजलंबी नाई. मी पोरीले तसंच सांगत आली. खरं हाय का ते?"

मला बोधनकर मॅडमचं वाक्य शब्दशः आठवत होतं. ते मी मनात एकदा म्हटलंसुद्धा.

"नाई," मी म्हणालो.

ज्योत्स्नानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "किती येळ?"

"मले वाटते सहा-सात मिनिटं. उतरवला तवा जीव नव्हता."

"बोलले काई?"

"आवाज देला."

"कोनाले?"

"मले."

"पोरीचं नाव नाई घेतलं?"

"नाई."

"मायं?"

"नाई. तायडेभाऊ म्हणे. चार खेपा."

तिच्या तोंडावर काय आलं ते मी नीट पाहिलं, कारण बसल्या जागेवरून दुसरीकडे बघायचं नाही असं मी ठरवून आलो होतो. ते दुःख नव्हतं. कोणी तरी आपली वस्तू भलत्यालाच देऊन टाकली आणि ती आपल्याला आता कळली, तसं काहीतरी होतं.

"अन् लाईन?" ती म्हणाली. इथे काम करून तिला आता सगळं समजत होतं. "तवा चालू होती?"

"पयल्या दोन मिनिटांत बंद झाली. राऊतनं मले तीन खेपा सांगतलं. मी त्याले विचारतच राह्यलो. भेलो होतो मी."

"म्हंजे बंद होती."

"होती."

"अन् ते तुमालेच बलावत होते."

"हो."

"मंग जायले पाह्यजे होतं," ज्योत्स्ना म्हणाली.

सोळा महिन्यांत चौकशी अधिकारी, युनियनचे लोक, गावचे डॉक्टर, विमल, सगळ्यांनी मला समजावलं होतं. हे एवढं वाक्य कोणी म्हटलं नव्हतं. ती मोठ्यानं बोलली नाही. हजेरीतली चूक दाखवावी तसं बोलली.

"हो," मी म्हणालो. "जायले पाह्यजे होतं."

शिपाई दोन कप घेऊन आला. ज्योत्स्नानं एक आपल्यापुढे ठेवून घेतला. दुसऱ्याकडे बघून म्हणाली, "हा घेऊन जा." शिपाई माझ्याकडे बघत राहिला, मग कप घेऊन गेला.

तिनं पेन उचलला आणि ती लिहायला लागली. मी घड्याळ बघितलं. अर्धा तास व्हायला अजून अकरा मिनिटं होती. मी बसून राहिलो.